कॅप्टन मी होतो

आख्खं बुऱ्हाणपूर त्याला कॅप्टन म्हणतं. मंडीतले हमाल म्हणतात, बँकेचे मॅनेजर म्हणतात, माझी बायकोसुद्धा म्हणते. तर एक गोष्ट आधीच साफ सांगून टाकतो, कारण नंतर कोणी ऐकून घेत नाही. तो आयुष्यात एकदाही कॅप्टन नव्हता. ना शाळेत, ना मंडळात, ना त्या टीव्हीवरच्या लीगमध्ये. बुऱ्हाणपुरातल्याच लालबागच्या आमच्या कबड्डी मंडळाचा कॅप्टन मी होतो, चांगली तीन वर्षं. तो डाव्या कोपऱ्यात उभा राहायचा आणि मी त्याच्या शेजारी, त्याचा हात धरून. कोपऱ्यातला गडी चढाईला आलेल्या रेडरचा पाय पकडतो आणि पब्लिक त्याच्या नावाने ओरडतं. शेजारचा गडी हात धरून साखळी करतो, तोल सांभाळतो, वेळेवर अंगावर पडून पकड पक्की करतो. त्याच्या नावाने कोणी ओरडत नाही.

गुडघा गेला तेव्हा तो गावी परत आला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. असे खेळाडू मी पाहिलेले होते. परत येतात, कुठल्या तरी शाळेत पीटी मास्तर होतात, पोट सुटतं आणि चहाच्या टपरीवर जुन्या मॅचा सांगत बसतात. मी तर त्याच्याशी चांगलं वागायची तयारीही करून ठेवली होती. आमचा केळीचा व्यापार वडिलांपासूनचा, लालबागला गादी आहे, बाहेर दोन खुर्च्या असतात. त्यातली एक मी मनातल्या मनात त्याला देऊन टाकली होती. येईल, बसेल, चहा पिईल, मी पोरांना सांगेन की हा एकेकाळी टीव्हीवर दिसायचा.

तो आला, पण बसला नाही. उभ्या उभ्याच विचारलं, "शेठ, कटाईच्या वेळी घड अजून फेकून भरता का तुम्ही लोक?"

मला तो शाळेपासून शेठ म्हणतो. तेव्हा वडिलांची गादी होती म्हणून चिडवायला म्हणायचा. आता त्याच्याकडे माझ्या चौपट माल असतो, तरी शेठ मीच. हे तो मुद्दाम करतो की सवयीने, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

"फेकत नाही, भरतो," मी म्हटलं.

"फेकताच," तो म्हणाला आणि निघून गेला.

पंधरा दिवसांनी कळलं की त्याने कुठल्या तरी स्टेडियममधून कबड्डीच्या जुन्या मॅटी उचलून आणल्या आहेत. निळ्या-पिवळ्या, जाड फोमच्या, जागोजागी फाटलेल्या. त्याने त्या जवळच्या फोपनार गावी एका बागेत नेऊन अंथरल्या. आमच्याकडे कटाई म्हणजे काय, तर मजूर घड कापतो, खांद्यावर घेतो आणि बांधावर आपटतो. तिथून गाडीत. सालीला ओरखडे पडतात, दिल्लीला पोचेपर्यंत ते काळे होतात आणि दिल्लीवाला भाव पाडतो. वडिलांच्या काळापासून हेच चाललं होतं आणि आम्ही सगळे दिल्लीवाल्याला शिव्या देऊन गप्प बसत होतो. ह्याने सात मजूर निवडले, त्यांना जागा ठरवून दिल्या. दोन कोपरे, दोन मधले, असं. घड कापला की खांद्यावरून थेट मॅटीवर, मॅटीवरून थेट गाडीत, मध्ये मातीला टेकवायचा नाही. मातीला टेकला की तो गडी बाद, पाच मिनिटं बाजूला बसायचं. मजूर हसायचे. मग त्यांना त्याची चटकच लागली.

आम्हीही हसलो. मी तर सगळ्यांत जास्त हसलो, मंडीत चार जणांना नक्कल करून दाखवली. त्या हंगामात त्याच्या मालाला दिल्लीत जो भाव मिळाला, तो ऐकून मी नक्कल बंद केली. पुढच्या वर्षी मॅटी मीपण घेतल्या. पण तोपर्यंत शेतकरी विचारायला लागले होते, "कॅप्टनसारखं करता का तुमी?" म्हणजे माझ्या मॅटीसुद्धा त्याच्याच नावाने ओळखल्या जायच्या.

मग केळी पिकवायचं थंड चेंबर आलं, मग चिप्सचा कारखाना. चिप्सच्या पाकिटावर त्याचं चित्र आहे, पाय पकडतानाचं. त्या चित्रात त्याच्या डाव्या खांद्यामागे एक हात दिसतो. तो माझा नाही, लीगमधल्या कुणाचा तरी आहे. मी नीट बघितलं आहे.

आता त्याच्या तऱ्हा सांगतो. त्या सांगितल्याशिवाय हा माणूस कळायचा नाही, आणि त्या बघून तुम्हाला वाटेल की असल्या माणसाचा धंदा चालेलच कसा. मला तर अजून वाटतं.

पहिली गोष्ट, तो समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाही, पायांकडे बघतो. कोपऱ्यातल्या गड्याला ही सवयच लागते, रेडरच्या चेहऱ्याकडे बघितलं की फसलाच. पण धंद्यात? दिल्लीचे व्यापारी मोठ्या आवाजात भाव पाडून राहिलेले असतात आणि हा मान खाली घालून त्यांचे बूट बघतो. एकदा मी तिथेच बसलो होतो. एक जाडजूड पार्टी तासभर माल किती खराब आहे ते सांगत होती. हा मध्येच म्हणाला, "साहब, आप का पाँव दस मिनट से दरवाज़े की तरफ़ है. गाड़ी पकड़नी है ना? भाव बोलो." आणि त्या माणसाने भाव सांगितला. मी घरी येऊन हा प्रयोग केला. एका व्यापाऱ्याच्या पायांकडे अर्धा तास बघितलं. मोजा फाटका होता, एवढंच मला दिसलं.

दुसरी गोष्ट, त्याच्या ऑफिसच्या दारात वजनकाटा आहे. घडांचा नाही, माणसांचा. येणाऱ्याने आधी काट्यावर उभं राहायचं, मग आत. कबड्डीत वजनाची मर्यादा असते, एक किलो जास्त भरलं की घरी पाठवतात, तेव्हापासूनची त्याची खोड. बँकेचा मॅनेजर असो की तहसीलमधला साहेब, सगळे मुकाट्याने चढतात. आणि ह्याला प्रत्येकाचं वजन पाठ असतं. एका लग्नात माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, दीडेक किलो उतरलं." ती आठवडाभर खूश होती. मी तिच्यासोबत राहतो, मला दीड किलो दिसलं नव्हतं.

आणि फोन. त्याचा फोन अर्ध्या मिनिटात संपतो. चढाई तीस सेकंदांची असते, तेवढ्यात जे व्हायचं ते व्हायला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. 'बरं, ठेवतो', 'घरी सगळे कसे', असलं काही नाही. बोलणं झालं की कट. आमच्या मंडीत एक सौदा करायचा तर दोन चहा, एक मावा जिलेबी आणि समोरच्याच्या आत्याच्या गुडघेदुखीची चौकशी लागते. सुरुवातीला लोक रागावले. आता लोक त्याला फोन करायच्या आधी काय बोलायचं ते ठरवून घेतात. मी स्वतः कागदावर लिहून घेतो.

केळी मात्र तो खात नाही. कॅम्पमध्ये दहा-बारा वर्षं रोज सकाळी चार-चार केळी खायला लावली, म्हणतो, आता वास आला तरी पोटात ढवळतं. केळीवर एवढं साम्राज्य उभं केलं आणि केळं तोंडात घालत नाही. मी रोज दोन खातो, माझं काय झालं?

आता मला ती खंडव्याची मॅच सांगायलाच पाहिजे. ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही.

आम्ही विशीतले. विभागाच्या संघाची निवड होती आणि समोर कागद मिलच्या कॉलनीतली पोरं, सगळी महाराष्ट्रातून आलेल्या घरांतली, मातीत वाढलेली. त्यांचा एक लांब पायांचा रेडर होता. शेवटची दोन-तीन मिनिटं राहिलेली, आम्ही दोघंच मैदानात उरलेलो, साखळी करून. तो रेडर आत आला, वळला आणि जाता जाता त्याच्या पायाचा अंगठा माझ्या टाचेला लागला. लागला म्हणजे घासला. मला कळलं. परत जाऊन त्याने हात वर केला, टच झाला म्हणाला. पंचाला दिसलं नव्हतं. पंचाने आमच्याकडे बघितलं. मातीतल्या कबड्डीत रिवाज असा की ज्याला लागलं त्याने आपण होऊन हात वर करायचा आणि बाहेर जायचं. मी आकाशाकडे बघितलं. आकाशात काही नव्हतं.

ह्याने माझा हात सोडला, स्वतःचा हात वर केला आणि म्हणाला, "मला लागलं." गेला बाहेर.

पुढच्याच चढाईत मी बाद झालो, आम्ही हरलो, ते सोडा. निवड करणारा एक म्हातारा पांढरी टोपी घालून खुर्चीत बसला होता. त्याने वहीवाल्याला सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं. "लेफ़्ट कॉर्नर का नाम लिखो. उसे बाहर जाना आता है." आमच्या संघातून एकच नाव लिहिलं गेलं. मी घरी सांगितलं की माझं वजन जास्त भरलं.

म्हणजे बघा. टच माझा, निवड त्याची. त्या एका टचवर तो पुढे गेला. विभाग, मग राज्य, मग लीग. लीगच्या दिवसांत गादीवरच्या टीव्हीसमोर गल्लीतली सगळी माणसं जमायची. तो पकड करायचा तेव्हा सगळे उड्या मारायचे आणि मी त्याच्या चुकलेल्या पकडी मोजायचो. शेवटी कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचं, "तुमचा दोस्त ना?" मी हो म्हणायचो. काय करणार.

माझा जीव कशासाठी जळतो हे एका वाक्यात सांगायचं तर असं. त्याने मला वाचवलं, आणि वाचवताना मला जे मिळायचं होतं ते घेऊन गेला. ह्याबद्दल त्याला धन्यवाद द्यायचे की त्याची कॉलर धरायची, हे मला वीस-बावीस वर्षांत ठरवता आलेलं नाही.

धंद्यातही तेच झालं. फोपनारला वडिलांच्या वेळचे आमचे बारा-चौदा शेतकरी होते. एकेक करून त्याच्याकडे गेले. भांडून कोणी गेलं नाही. "राग नका मानू शेठ," म्हणत गेले. शेवटी एकच बाग उरली, ती माझ्या सासऱ्यांची. मी त्यांना मामा म्हणतो. लग्न झाल्यापासून त्यांची केळी आमचीच गाडी उचलते. लिखापढी नाही. कटाईच्या दिवशी मंडीत जो भाव असेल तो द्यायचा, एवढाच बोल. ती बाग हातात आहे तोवर मी व्यापारी आहे, असं मला वाटायचं. ती गेली की मग मी फक्त त्या दोन खुर्च्यांचा मालक.

ह्या वैशाखातली गोष्ट. मामांचा माल तयार होता, कटाई मंगळवारी ठरली होती. सोमवारी रात्री मला कळलं की दिल्लीची मागणी मंदावली आहे, दोन-तीन दिवसांत भाव उतरणार. मंगळवारी सकाळी मी फोन केला, "मामा, गाडी नाही मिळाली. उद्या येतो."

आमच्या धंद्यात ही युक्ती पोरगं गादीवर बसायला लागलं की पहिल्या महिन्यात शिकतं. भाव उतरणार असला की गाडी मिळत नाही. ड्रायव्हर गावाला जातो, टायर फुटतो, घाटात जाम लागतो. शेतकऱ्यांनाही ते ठाऊक असतं, पण तयार घड घेऊन जाणार कुठे? खरं सांगतो, फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी हे मामांशी केलं. तोंडून आपोआप निघून गेलं. बुधवारी सुधारता आलं असतं. पण त्याच आठवड्यात ह्याच्या दुसऱ्या चेंबरचं उद्घाटन होतं, मला सोनेरी कार्ड आलं होतं, आणि माझ्या डोक्यात एकच किडा की आपलंही एक चेंबर पाहिजे, आणि त्यासाठी पैसा वाचवला पाहिजे. बुधवारी मी म्हटलं, ड्रायव्हर आजारी. गुरुवारी म्हटलं, उद्या नक्की.

गुरुवारी संध्याकाळी मामांचा फोन आला. "जावाईबापू, घड झाडावरच पिवळे पडू राह्यले. काही फुटले बी." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

शुक्रवारी पहाटेच गाडी काढली आणि पोचलो तर बागेत निळ्या-पिवळ्या मॅटी अंथरलेल्या. हा चपला काढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, स्वतः घड झेलून राहिला होता. शेजारच्या बागेत त्याची कटाई होती. बांधावरून पिवळे घड दिसले, तशी त्याने आपली टोळी इकडे वळवली होती. पिकायला लागलेला माल दिल्लीला जाणार नव्हता, तो त्याने खंडव्याला आणि आसपासच्या बाजारांत लावायचं फोनवर ठरवूनही टाकलं होतं. किती वेळात ते तुम्हाला ठाऊकच आहे.

मामा बांधावर उभे होते, सासूबाई ताकाची कळशी घेऊन. सगळे मजूर थांबले. मामांनी विचारलं, "जावाईबापू, गाडी कुठं व्हती तीन दिवस?"

टायर म्हणावं की ड्रायव्हर म्हणावं, आधी काय म्हटलं होतं तेच आठवेना. ह्याने एकदा माझ्या पायांकडे बघितलं. मग मामांकडे वळून म्हणाला, "काका, गाडी माझ्याकडे होती. माझ्या दोन गाड्या बसल्या, मी शेठची गाडी उचलून नेली. शेठला नाही म्हणता नाही आलं. चुकी माझी आहे." आणि मजुरांना म्हणाला, "चला रे, ऊन चढून राहिलं."

मामा त्याच्याकडे बघत राहिले. मग सासूबाईंना म्हणाले, "त्याले ताक दे." मलाही दिलं. खारट लागलं.

घरी आलो तर बातमी माझ्याआधी पोचली होती. बायको म्हणाली, "तुम्ही बोलला का नाही हो, गाडी कॅप्टनला दिली म्हणून? उगाच बाबांचं ऐकून घेतलं असतं. पण मोठं मन लागतं त्याला." आणि तिने शिरा केला. लग्नाला इतकी वर्षं झाली, ती माझ्या मोठ्या मनाबद्दल पहिल्यांदाच बोलली, आणि तीही त्याच्या थापेवर. शिऱ्यात बदाम होते.

त्याने एवढं केलं, तर माणसाला उपकार वाटायला पाहिजेत. मला नाही वाटले. मला असा राग आला की दोन रात्री झोप नाही. दुसऱ्यांदा. हा माणूस दुसऱ्यांदा माझ्या वाटणीचं अंगावर घेऊन बाहेर गेला, आणि दुसऱ्यांदा सगळे त्याच्याकडेच बघत राहिले. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या ऑफिसात गेलो. काट्यावर चढलो. आतूनच म्हणाला, "शेठ, दोन किलो उतरला. तब्येत बरी आहे ना?"

मी बसलो नाही. म्हटलं, "तू असं का करतो?"

"काय केलं?"

"मामांच्या बागेत. आणि तेव्हा खंडव्याला."

"खंडव्याला कधी?"

"निवडीच्या मॅचला. टच मला झाला होता. हात तू वर केलास."

तो विचार करायला लागला. खरोखरच विचार करत होता, मी त्याचा चेहरा नीट बघितला. "ती कागद मिलवाल्यांची मॅच का? जिंकलो होतो का आपण?"

"हरलो."

"मला त्या दिवसाचे स्टेशनवरचे पोहे आठवतात बस," तो म्हणाला. "टचचं काही आठवत नाही यार. तेव्हा तर मी नेहमीच जायचो बाहेर. पंचाशी वाद घालत बसलं की दम जातो शेठ. बाहेर जाऊन बसलं की दम परत येतो. कोणाला लागलं, काय लागलं, हिशोब कोण ठेवून राहिलं?"

"आणि मामांची गाडी?"

"अरे, घड उन्हात होते. तू आणि काका तिथं बोलत बसला असता तर माझी पोरं थांबली असती अर्धा तास. मी म्हटलं, संपव." त्याने घड्याळाकडे बघितलं. "अजून काही होतं का?"

मी बाहेर आलो आणि गाडीत बसून राहिलो. ज्या गोष्टीवर मी माझं अर्धं आयुष्य कुढलो, ती ह्याला आठवतसुद्धा नाही. पोहे आठवतात. मला वाटत होतं की तो मोठेपणा करतो, त्याला माझी कीव येते, मनातून तो मला हसतो. कसलं काय. त्याच्या मनात मी नव्हतोच. तुम्ही कोणावर एवढे जळला असाल तर तुम्हाला समजेल, ह्यापेक्षा हसला असता तर परवडलं असतं.

मग मी एक ठरवलं. निदान एक गोष्ट माझी स्वतःची असावी म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच फोपनारला गेलो. पुढच्या मालाचंही ठरायचं होतं. पहिलं पीक कापलं की बुंध्याशी पिलं ठेवतात, त्यांच्यावर दुसरं पीक येतं, त्याला आम्ही पिलबाग म्हणतो. मामांची पिलबाग ह्या वर्षी कोण उचलणार हे आता ठरणार होतं, आणि खरं बोललो तर ती जाणार हे मला दिसत होतं. तरी म्हटलं, बोलायचं.

मामा बागेत वाळलेली पानं कापत होते. मी म्हटलं, "मामा, गाडी कोणी नेली नव्हती. माझ्या दारात उभी होती. भाव उतरायची वाट बघत होतो मी."

त्यांनी हातातलं पान खाली टाकलं. दुसरं कापलं. म्हणाले, "मले मालूम आहे."

"कॅप्टनने सांगितलं?"

"तो कशाले सांगीन? बुधवारी मी दवा आणाले लालबागले आलो व्हतो. तुमच्या दारावरूनच गेलो. गाडीवर गोधड्या वाळत घातल्या व्हत्या."

माझ्याने वर बघवेना. बुधवारपासूनच त्यांना माहीत होतं. मी फोनवर ड्रायव्हरच्या तापाबद्दल सांगत होतो तेव्हा त्यांना माहीत होतं आणि ते "बरं, बरं" म्हणत होते.

"मग तुम्ही तेव्हाच का नाही बोलले मामा?"

"काय बोलू? लेक दिली आहे तुमच्या घरी."

मग मीच विचारलं, कारण न विचारता जाणं मला जमलं नसतं. "पिलबाग?"

"ते त्याले देऊन टाकलं."

त्यावर मी जे बोललो त्याची मला आज लाज वाटते. मी म्हटलं, "पण मामा, तो पण खोटंच बोलला ना तुमच्याशी. तोंडावर बोलला. मी तर आज येऊन खरं सांगितलं."

"हाव," मामा म्हणाले. "तो बी खोटं बोलला, तुमी बी बोलले." कोयता बाजूला ठेवून त्यांनी हात पुसले. "तो बोलला तं चार माणसात माझ्या जवायाची इज्जत राह्यली. तुमी बोलले तं माझे घड गेले. मले त्याचं खोटं आवडलं." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चला, जेवून जा. डाळीचे फुनके अन् कढी केली आहे."

मी जेवलो. सासूबाईंनी दोनदा वाढलं, कढी झणझणीत झाली होती, आणि जेवताना माझ्या डोक्यात दुसरं काहीच येत नव्हतं. कबड्डी त्याची होती, ठीक आहे. मॅटी त्याच्या, चेंबर त्याचं, पाकिटावरचा फोटो त्याचा. पण शेतकऱ्याला थाप मारणं, हे तरी आमच्या गादीचं होतं, वडिलांपासूनचं. त्यात त्याचा पहिलाच दिवस होता, आणि तेही तो माझ्यापेक्षा चांगलं करून गेला.